बंदूक कपाटात असते तेव्हा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचं काम बंदुकांची तपासणी, साफसफाई आणि दुरुस्तीचं. पण काउंटरवर विचारले जाणारे बरेचसे प्रश्न स्प्रिंग आणि स्क्रूचे नसतातच. "परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळत नाही, आता काय?" "हे काडतूस आत नीट बसतं, मग उडवायला हरकत काय?" "वडील गेले, त्यांची दुनळी घरातच आहे, चालेल ना?" अशा प्रश्नांची उत्तरं घाईघाईत, उभ्या-उभ्या देऊ नयेत असं आम्हाला वाटतं, म्हणून हे पत्रक.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा आहे. तुमच्याकडचे नेमके नियम, मुदती आणि अर्जाचे नमुने परवाना देणाऱ्या कार्यालयाकडूनच घ्या, आणि शक्य असेल तिथे उत्तर लेखी घ्या. इथे आम्ही लिहिलंय ते कुठल्याही परवानाधारकाच्या कामी येणारं. परवानाधारक अडचणीत येतो तो बंदूक चालवताना क्वचितच. ती वर्षभर कपाटात पडून असते, आणि त्या काळात कागद, काडतूस किंवा किल्ली यांपैकी कशात तरी ढिलाई झालेली असते.

नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

बंदुकीची कायदेशीर ओळख म्हणजे तिच्यावर कोरलेला अनुक्रमांक. संयुक्त राष्ट्रांनी ३१ मे २००१ रोजी बंदुकांविषयीचा प्रोटोकॉल स्वीकारला, तो ३ जुलै २००५ पासून अमलात आला. बंदूक बनतानाच तिच्यावर ओळखखूण कोरली जावी आणि तिच्या नोंदी निदान १० वर्षं जपल्या जाव्यात, हा त्यातला गाभा. नव्या बंदुकीचा म्हणूनच फारसा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो जुन्यांचा.

अमेरिकेत सगळ्या बंदुकांवर नंबर घालणं १९६८च्या कायद्याने सक्तीचं झालं. त्याआधी तिथे बनलेल्या कित्येक शॉटगनवर आणि पॉइंट २२ रायफलींवर मुळात नंबरच नाही. मग कधीतरी कोणीतरी मॉडेलचा किंवा पेटंटचा आकडाच नंबर समजून परवान्यात लिहिलेला असतो. रिव्हॉल्वरमध्ये वेगळी गंमत नाही, वेगळा धोका आहे. स्मिथ अँड वेसनसारख्या रिव्हॉल्वरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, बाजूला काढलं की आत काही आकडे दिसतात, आणि वाचणारा तेच टिपून घेतो. ते मॉडेलचे किंवा कारखान्यातल्या जुळणीचे आकडे असू शकतात. खरा नंबर अनेकदा मुठीच्या तळाशी असतो, आणि जाड रबरी ग्रिप बसवलेली असेल तर तिच्याखाली झाकला जातो.

जुन्या इंग्लिश पद्धतीच्या दुनळीवर एकच नंबर सहसा तीन ठिकाणी असतो : नळ्यांच्या बुडाशी, अ‍ॅक्शनवर (नळ्या जिथे बसतात त्या यंत्रणेच्या लोखंडी भागावर) आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी भागावर. तिन्ही जुळले तर बंदूक मूळची आहे. एखादा वेगळा निघाला तर कधीतरी भाग बदलला गेलाय, आणि ते खरेदीआधी कळलेलं बरं. नळीवर ठळक सोनेरी १ किंवा २ असेल, तर तो जोडीतल्या बंदुकीचा क्रम. तो नंबर नव्हे.

वाचण्याची पद्धत साधी आहे. बंदूक आधी उघडून रिकामी असल्याची खात्री करा, डोळ्यांनी आणि बोटानेही. कोरलेल्या जागेवरचं तेल पुसा, त्यावर पांढरा खडू घासा आणि वरची भुकटी कापडाने हलकेच पुसून टाका. भुकटी रेघांत अडकून राहते आणि आकडे उठून दिसतात. तिरप्या उजेडात, भिंगाखाली वाचा. ३ आणि ८, १ आणि ७, शून्य आणि ओ यांत गल्लत होते. पुढे एखादं अक्षर असेल तर तेही नंबराचाच भाग आहे, ते सोडू नका. मग स्पष्ट फोटो काढून परवान्याच्या प्रतीसोबत ठेवा. बंदूक चोरीला गेली तर पोलिसांना पहिल्या तासात द्यायची तीच माहिती असते.

नंबर जुळला नाही तर कार्यालयाला स्वतःहून, लेखी, फोटोसह कळवा. आपण होऊन सांगितलेली तफावत ही दुरुस्ती असते. तपासणीत सापडलेली तफावत म्हणजे चौकशी. आणि बंदुकीवरच्या आकड्याला हात लावू नका. नव्याने ब्ल्यूइंग, म्हणजे लोखंडाला गंजरोधक काळा-निळा रंग, करून घेताना पॉलिशमध्ये कोरीव खुणा पुसट होतात, त्यामुळे कुठल्याही कारागिराला हे आधी बजावा. नंबर घासला गेलेली बंदूक बाळगणं हा कितीतरी देशांत स्वतंत्र गुन्हा आहे, मग तो कोणीही घासलेला असो.

आत बसतं म्हणजे चालतं असं नाही

हा भाग आम्ही मुद्दाम मोठा लिहिलाय. परवान्यात साधारणपणे बोअर लिहिलेला असतो, आणि त्या बोअरची काडतुसं तुम्हाला मिळतात. पण परवान्यात बसणारं काडतूस तुमच्या नळीत सुरक्षित असेलच असं नाही.

बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तो नळीचा व्यास, सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणून वीस बोअर बारापेक्षा लहान. चारशे दहा बोअर मात्र या हिशेबात येत नाही, तो इंचात मोजलेला व्यास आहे, ०.४१०.

आता चेंबरची, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या भागाची, लांबी. बारा बोअरच्या बंदुका ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटरच्या चेंबरच्या असतात, काही त्याहून लांबही. काडतुसावर छापलेली लांबी असते उडाल्यानंतर उघडलेल्या खोक्याची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची. न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे त्यापेक्षा आखूड असतं. म्हणून ७६चं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये सहज सरकतं आणि बंदूक बंदही होते. बार उडतो तेव्हा दुमडलेलं तोंड उघडायला जागा नसते, ते नळीच्या अरुंद भागात घुसतं, आणि दाब वाढतो. एकदा काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, असा निष्कर्ष यातून काढू नका. सांधे सैल होत जातात, आणि नळी फुटेल तो दिवस सांगून येत नाही.

लांबी कुठे पाहायची? नळ्या उतरवा आणि बुडाकडची सपाट बाजू पाहा. तिथे प्रूफचे शिक्के असतात. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून केलेली नळीची सक्तीची परीक्षा. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३चं, आणि वेगवेगळ्या देशांचे शिक्के एकमेकांनी मानावेत म्हणून १९१४मध्ये बेल्जियमच्या लिएजमध्ये आंतरराष्ट्रीय आयोग उभा राहिला. कित्येक जुन्या बंदुकांवर चेंबरची लांबी कोरलेली नसते. तिथे गेजने मोजल्याशिवाय बोलू नये. नंतर कोणी चेंबर लांबवलं असेल किंवा नळी आतून घासली असेल, तर जुन्या शिक्क्यावर विसंबता येत नाही. वळ्यावळ्यांची नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळ्यांत आधुनिक काडतूस घालण्याआधी एकदा आमच्याकडे किंवा कुठल्याही जाणत्या कारागिराकडे आणा. दिसायला त्या फार सुंदर असतात, आतून कुठे खाल्ल्या गेल्यात ते बाहेरून कळत नाही.

सगळ्यात वाईट अपघात दोन बोअरची काडतुसं एका खिशात ठेवल्याने होतो. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं की ते चेंबरमधून पुढे सरकून अडकतं. मागून नळी रिकामी दिसते. माणूस वर बाराचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. हे टाळण्यासाठीच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा पडली. तरीही आमचा आग्रह आहे की दोन्ही बोअर घरात असतील तर काडतुसं वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि एका दिवशी एकाच बोअरची बाहेर काढा.

रिव्हॉल्वरमध्ये पॉइंट ३५७ मॅग्नमच्या बंदुकीत पॉइंट ३८ स्पेशल चालतं, उलट चालत नाही. मॅग्नमचं खोकं मुद्दामच थोडं लांब केलंय, चुकून कमजोर रिव्हॉल्वरमध्ये बसू नये म्हणून. चेंबर खोलवून घेऊन ते बसवण्याची मागणी कोणी केली, तर आम्ही ती करत नाही.

छर्ऱ्यांचे नियमही बदलताहेत. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१पासून बंद आहेत, युरोपीय संघात पाणथळ जागी आणि त्यांच्या आसपास फेब्रुवारी २०२३पासून. पर्याय म्हणून स्टीलचे छर्रे येतात, पण ते शिशासारखे दबत नाहीत. जुन्या, पातळ भिंतींच्या नळीत, त्यातून फुल चोक, म्हणजे तोंडाशी बरीच अरुंद केलेली नळी, असेल तर, तोंडाशी फुगवटा येऊ शकतो. जोरदार भाराच्या स्टीलसाठी तपासलेल्या नळीवर लिलीच्या फुलाची खूण असते. ती नसेल तर आधी विचारा.

बार नेहमीपेक्षा मवाळ वाजला तर पुढचा उडवू नका. बंदूक रिकामी करून नळीत काही अडकलंय का ते पाहा. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच उघडा.

किल्ली कोणाकडे

घरात बंदूक असणं आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाताला ती लागणं यात कायदा फरक करतो. परवाना तुमच्या नावावर आहे, पत्नीच्या, भावाच्या किंवा मुलाच्या नाही. म्हणून किल्ली घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नको, देवघरात किंवा दाराच्या चौकटीवरही नको. घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली जागा ही लपवलेली जागा नव्हे. आकड्यांचं कुलूप असेल तर जन्मतारीख घालू नका. भिंतीत बोल्टने बसवलेलं लोखंडी कपाट, बंदूक रिकामी, काडतुसं दुसऱ्या कुलपात, हे अनेक देशांत सक्तीचं आहे, आणि जिथे नाही तिथेही आम्ही तेच सांगू. घरात लहान मुलं असोत, किंवा कोणी मनाने फार खचलेलं असो, अशा वेळी काही काळ बंदूक अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करता येते का ते विचारा. यात कमीपणा काहीच नाही.

बंदूक चामड्याच्या किंवा कापडी गवसणीत कायमची ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंड खातात. पावसाळ्यानंतर गवसणी उघडली की तिच्या शिवणीच्या रेघेत गंज उठलेला दिसतो, हे आम्ही वारंवार पाहतो. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळेवर वाळवा. तेल थोडंच लावा. जास्तीचं तेल खाली ओघळून लाकडी दस्त्यात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं, म्हणून बरेच जण बंदूक तोंड खाली करून ठेवतात. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बार पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून नळीत उरणारा क्षार हवेतली ओल ओढतो आणि नुसत्या तेलाने जात नाही, गरम पाण्याने धुवावा लागतो. मग कोरडं करून तेल. साफसफाईनंतर हात साबणाने धुवा, मगच जेवा. काजळीत शिसं असतं. आणि कान झाका : बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

प्रवास

बंदूक रिकामी, बंद पेटीत, मूळ परवाना जवळ. विमानात काडतुसं फक्त चेक-इन सामानात, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार माणशी ५ किलोपर्यंतच, तीही विमान कंपनीने आधी मंजुरी दिली तर. दोघांचा कोटा एका पेटीत भरता येत नाही. निघण्याआधी बॅगेचे सगळे कप्पे झटका. शिकारीच्या जॅकेटच्या अस्तरात राहिलेलं एक काडतूस विमानतळावर तुमचा दिवस आणि कदाचित परवानाही घालवू शकतं. सीमा ओलांडणार असाल तर पलीकडच्या देशाचे नियम वेगळे विचारा.

आम्ही काय करत नाही

कागद पाहिल्याशिवाय बंदूक ठेवून घेत नाही, ओळखीच्या ग्राहकाचीही नाही. नळी कापत नाही. नळीची लांबी बदलली की बंदुकीचा कायदेशीर वर्गच बदलू शकतो : अमेरिकेत शॉटगनची मर्यादा १८ इंच आहे, ब्रिटनमध्ये २४. मॅगझिनची क्षमता वाढवणं आणि अर्ध-स्वयंचलित यंत्रणेत बदल करणं ही कामंही घेत नाही. "जुनी आहे, तिला परवाना कशाला" असं सांगून आणलेली बंदूकही परत पाठवतो. संयुक्त राष्ट्रांच्या प्रोटोकॉलप्रमाणे १८९९नंतर बनलेली बंदूक पुरातन धरताच येत नाही, आणि त्याआधीच्या बंदुकीला सूट आहे की नाही ते तुमचा कायदा ठरवतो, बंदुकीवरचा गंज नाही.

मालक गेल्यावर

परवाना सर्वसाधारणपणे व्यक्तीचा असतो, तो घरासारखा वारसाकडे आपोआप जात नाही. बंदुकीची मालकी वारसाला मिळू शकते, पण ती जवळ बाळगायचा अधिकार त्याला स्वतःच्या परवान्यानेच मिळतो. दुःखाच्या दिवसांत घरच्यांना हे सुचत नाही, आणि पुढे महिन्यांनी कपाट उघडतं तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. म्हणून आजच एक कागद लिहून परवान्यासोबत ठेवा : बंदुका किती आणि कोणत्या, नंबर काय, काडतुसं कुठे, किल्ली कोणाकडून मिळेल, आणि पहिला फोन परवाना कार्यालयाला करायचा. तो कागद कुठे आहे ते घरातल्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवा. घरच्यांनी बंदूक स्वतः उचलून पोलिस ठाण्यात किंवा आमच्याकडे आणू नये. विनापरवाना माणसाच्या हातात रस्त्यावर ती असणं हाच अडचणीचा विषय होऊ शकतो. आधी फोन करावा, काय करायचं ते कार्यालय सांगेल. त्यांनी परवानगी दिली की बंदूक रिकामी आहे का ते तपासायला आणि नंबर वाचून द्यायला आमचा माणूस घरी येईल. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.