गुराब आणि गलबत: दोन्ही जहाजंच, पण कामं वेगळी

आज आपण शिडाच्या कुठल्याही जहाजाला सरसकट गलबत म्हणतो, आणि गुराब म्हणजे त्याचंच जुनं नाव असावं असं समजतो. सभासद बखरीत मात्र शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या जहाजांची नावं देताना गुराबा आणि गलबतं वेगवेगळी मोजली आहेत.

गुराब मोठी. दोन डोलकाठ्यांची असली तर साधारण दीडशे टनांची, तीन असल्या तर तीनशेपर्यंत. लांबीच्या मानानं ती चांगलीच रुंद असायची आणि तिला पाणी कमी लागायचं, त्यामुळे कोकणातल्या उथळ खाड्यांत ती सहज शिरे. तिची खरी ओळख मात्र नाळेवर. हे पुढे आलेलं टोक कठडा न घालता उघडंच ठेवत, म्हणजे समोरून आदळलेली लाट अडून न राहता वाहून जाई. त्याच्यामागच्या आडभिंतीला भोकं पाडून दोन तोफा रोखलेल्या असत, नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या.

गलबत सहसा सत्तर टनांच्या आतलं. एक भलंमोठं तिकोनी शीड, चाळीस-पन्नास वल्ही, आणि वजन वाढू नये म्हणून बऱ्याच गलबतांवर चिरलेल्या बांबूंचा डेक! त्यावर जड तोफ कुठली ठेवणार?

आंग्र्यांच्या आरमारात आठ-दहा गुराबांमागे चाळीस-पन्नास गलबतं असत. वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून न्यायची. मग गुराबा शत्रूच्या पिछाडीला राहून आधी डोलकाठ्या पाडायच्या, आणि तरीही तो शरण येत नसेल तर गलबतांतून माणसं तलवारी घेऊन चहूबाजूंनी त्याच्या जहाजावर चढायची. मला तर यातलं एक दुसऱ्यावाचून लंगडंच वाटतं.

नावांची मुळंही निराळी. गुराब हा अरबी शब्द, मूळ अर्थ डोमकावळा. गलबताचं नातं अभ्यासक पोर्तुगीज ‘गॅलिओता’शी, म्हणजे वल्ह्यांच्या लढाऊ जहाजाशी जोडतात; तिथे मतभेद आहेत. इंग्रजांनी गुराबला ‘ग्रॅब’ केलं. त्यावरून बळकावणं या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाशी तिचा संबंध लावणं चूक आहे. आंग्र्यांशी लढणाऱ्या कंपनीनं मुंबईतल्या आपल्या आरमारातही हे दोन्ही प्रकार ठेवले होते, याच नावांनी.