मेंदू व मज्जारज्जूच्या गाठींची नावे

मेंदू, मज्जारज्जू किंवा त्यांची आवरणे यांतील पेशींच्या अनिर्बंध वाढीतून होणाऱ्या गाठींना (अर्बुदांना) त्यांच्या मूळ पेशींवरून वैद्यकीय नावे दिली जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घरांत अशा आजाराला नुसते ‘डोक्यात गाठ’ म्हणतात, कन्नड शेजारी ‘गड्डे’ म्हणतो, आणि हाती पडणारा अहवाल इंग्रजीत असतो. त्यातले लांबलचक नाव पाहून माणसे घाबरतात; पण त्याची फोड केली तर गाठ कुठून उपजली हे बहुधा कळते.

शेवटचा ‘ओमा’ हा ग्रीक प्रत्यय गाठ सुचवतो. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींना ‘ग्लिया’ म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरतो तो. त्यांच्यापासून होणारी गाठ ग्लायोमा. यांतल्याच तारकाकृती पेशींची ती अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आणि मोजक्याच फांद्या असलेल्या पेशींसारखी दिसणारी ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांच्या व मज्जारज्जूतील नलिकेच्या अस्तराशी संबंधित एपेंडायमोमा प्रौढांच्या मज्जारज्जूच्या आत बरेचदा आढळतो. मेनिंजिओमा आवरणांतून वाढतो. हे नाव अमेरिकी मेंदू-शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1922 मध्ये रूढ केले. श्वानोमाच्या नावात चेतातंतूंभोवतीच्या पेशींचे वर्णन करणारे थिओडोर श्वान आहेत. ‘ब्लास्ट’ म्हणजे अंकुर. अपक्व पेशींच्या वेगाने वाढणाऱ्या गाठींच्या नावांत तो येतो, जसे लहान मुलांच्या अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात) होणारा मेड्युलोब्लास्टोमा.

नावापुढचा 1 ते 4 हा आकडा ‘ग्रेड’ असतो, ‘स्टेज’ नव्हे, आणि हा फरक नातेवाइकांना समजावून सांगणे फार गरजेचे आहे. स्टेज म्हणजे रोग शरीरात कुठवर पसरला. ग्रेडवरून गाठ किती आक्रमकपणे वागेल याचा अंदाज येतो. मेंदूत उपजलेल्या गाठी मेंदू व मज्जारज्जूबाहेर क्वचितच पसरतात, म्हणून बहुतेकांना स्टेज लावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणाने ग्रेडसाठी रोमन अंक सोडून साधे अंक घेतले आणि 2016 पासून नावांत येऊ लागलेल्या जनुकीय बदलांवर आणखी भर दिला. त्यामुळे जुन्या व नव्या अहवालांतील नावे बरेचदा जुळत नाहीत.

‘सौम्य’ (कर्करोग नसलेली) या शब्दानेही निर्धास्त होऊ नये. कवटी ताणली जात नाही, त्यामुळे संथ वाढणारी गाठही मेंदूवर दाब आणते. कण्याच्या अरुंद पोकळीत तोच दाब पायांतली ताकद हिरावतो. फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पोहोचला, तरी त्याला फुफ्फुसाचाच कर्करोग म्हणतात, आणि उपचारही त्याच्या मुळानुसार ठरतात.