भाडेपट्टा की लिव्ह अँड लायसन्स? ताराबाई पार्कातल्या फ्लॅटच्या निमित्तानं

माझ्या भाचीला ताराबाई पार्कातला एक वन बीएचके फ्लॅट पसंत पडला. नोकरी बँकेतली, शाखा चालत दहा मिनिटांवर, फ्लॅट हवेशीर, मालक बोलायला सज्जन. तिनं करारपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर धाडला आणि विचारलं, "मामा, सही करू न्हवं?" मसुद्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'भाडेपट्टा करारपत्र' असं होतं. आत दुसऱ्या ओळीपासून मालक झाला 'लायसन्सर' आणि ही 'लायसन्सी'. मुदत अकरा महिने, कागद पाचशेच्या स्टँपचा, खाली नोटरीचा शिक्का मारायला जागा. मी तिला म्हटलं, थांब. या कागदात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि दोन्हींत तुझे हक्क वेगळे आहेत.

आपण कोल्हापुरात दोन्हींना सरसकट 'भाडेकरार' म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. भाडेपट्ट्यात ठरलेल्या मुदतीपुरता घराचा उपभोग घेण्याचा हक्क भाडेकरूकडे येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये त्याची व्याख्या आहे. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे मालकानं दिलेली परवानगी. ती नसती तर तुमचं त्या घरात असणं बेकायदा ठरलं असतं, एवढाच तिचा अर्थ. घरात तुमचा कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. ही व्याख्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सापडते. दोन्ही कायदे १८८२ सालचे.

हा फरक कागदावर बारीक वाटतो, पण शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एखाद्या जुन्या वाड्यात गेलात की डोळ्यांना दिसतो. मागच्या सोप्यात दोन खोल्यांत एक कुटुंब राहतं, आजोबांच्या काळापासून. आजोबा गेले, मुलगा भाडेकरू झाला. आता नातू तिथंच संसार करतो. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जातं, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाडेकरू भाडं वेळेवर भरत असेल, तर पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची खरी गरज अशी कायद्यातली कारणं कोर्टात सिद्ध केल्याशिवाय मालकाला घर मोकळं करून घेता येत नाही. भाडंवाढीलाही वर्षाला ४ टक्क्यांची मर्यादा आहे. लायसन्सीला यातलं काहीच मिळत नाही. त्याची परवानगी त्याच्यापुरती, मुदतीपुरती. मुदत संपली की बिऱ्हाड उचलायचं.

मग मालक भाडेपट्टा का टाळतात, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडेकरूंना भक्कम संरक्षण होतं, म्हणून मालक भाड्याऐवजी लायसन्सवर जागा देऊ लागले. पुढं कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं ते सारे भाडेकरू मानले गेले. आपण परवानगी दिली आणि घर अडकलं, ही भीती तेव्हापासून मालकांच्या मनात बसली. ती आजही त्यांच्या बोलण्यात ऐकू येते, आणि मला ती खोटी वाटत नाही. १९९९ च्या कायद्यातलं कलम २४ मालकांसाठी आलं ते या पार्श्वभूमीवर. राहण्यासाठी दिलेल्या जागेचं लायसन्स संपलं आणि लायसन्सीनं घर सोडलं नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारनं यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून ताबा मागता येतो. वर, बेकायदा राहिलेल्या दिवसांसाठी लायसन्सीला ठरलेल्या लायसन्स फीच्या, म्हणजे आपण भाडं म्हणतो त्याच्या, दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यावी लागते. भाचीसारख्या तरुण मुलांना ही दुप्पट रक्कम कुणी आधी सांगत नाही. पुढचं घर मिळेना म्हणून चार-आठ दिवस जास्त राहू, असं सहज गृहीत धरू नये. मुदतवाढ हवी तर आधी लेखी घ्यावी.

आता माथ्यावरच्या नावाचं. नाव काहीही द्या, कोर्ट आतला व्यवहार पाहतं. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलात केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात कागदाला लायसन्स म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये तो भाडेपट्टाच ठरवला, कारण खोल्यांचा स्वतंत्र ताबा त्याच्याकडे होता. महाराष्ट्रात मात्र राहत्या घराच्या बाबतीत कलम २४ आणखी एक गोष्ट सांगतं: लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. म्हणून आतला शब्दन् शब्द वाचायचा. माथ्यावर भाडेपट्टा आणि पोटात लायसन्स असा कागद भांडणाला आमंत्रण देतो, आणि ते भांडण दोघांनाही महागात पडतं.

अकरा महिन्यांची गोष्ट तर मला सर्वांत जास्त खटकते. "अकरा महिन्यांचं हाय, रजिस्टर कशाला?" हे वाक्य राजारामपुरीपासून नागाळा पार्कापर्यंत कुठल्याही एजंटाकडे ऐकायला मिळतं. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. तिथं एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण आपल्या राज्यात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदतीची सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे नोटरीवर भागवणारा मालक स्वतःचंच कवच काढून ठेवतो.

खर्चाची सबबही टिकत नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा भाडं १५,००० रुपये, अनामत ५०,००० आणि मुदत २४ महिने. एकूण भाडं ३,६०,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, ते दोन वर्षांचं १०,०००. बेरीज ३,७०,०००, तिच्यावर शुल्क ९२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. हाताळणी खर्च आणि एजंटाचं मानधन वेगळं. नोंदणी ऑनलाइन होते, आधारच्या अंगठ्यावर, घरबसल्या. भाडेपट्ट्याला मात्र शुल्क मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या ठरावीक हिश्शावर लागतं, त्यामुळे आकडा कितीतरी वाढतो.

राजारामपुरीत दुकान थाटणाऱ्याला मी वेगळा सल्ला देईन. फर्निचर, बोर्ड, गिऱ्हाइकांची सवय यांत त्याचा पैसा आणि वर्षं गुंततात. त्याला भाडेपट्ट्याचा हक्क हवा, शुल्क जास्त पडलं तरी. कलम २४ तसंही राहत्या जागेपुरतंच आहे.

कोल्हापुरात आणखी एक प्रश्न विचारायचा, तो पाण्याचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नागाळा पार्क, शाहूपुरीत पाणी शिरलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याला पाठ आहे. पण घर आठ दिवस पाण्यात असताना भाडं कुणी भरायचं, हे करारात क्वचितच असतं. भाडेपट्ट्यात पुरानं जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला तर भाडेकरू करार संपवू शकतो, अशी तरतूद आहे. ओसरणारं पाणी त्यात बसत नाही. म्हणून दोन्ही प्रकारांत ही अट स्वतः लिहून घ्यावी.

भाचीच्या मालकांना मी फोन केला. ते नाराज झाले नाहीत. कलम ५५ त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 'भाडेपट्टा' शब्द खोडला, मुदत २४ महिने झाली, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस आणि पुराच्या दिवसांचं भाडं माफ ही ओळ आली. पुढच्या आठवड्यात तिनं आधारवर अंगठा दिला, नोंदवलेली प्रत बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून लावली आणि किल्ली घेतली.