अटक : हक्क व न्यायालयीन प्रक्रिया (कोल्हापूर)

गुन्ह्याच्या संशयावरून एखाद्याला कायद्याच्या अधिकाराने ताब्यात घेणे म्हणजे अटक. १ जुलै २०२४ पासून तिचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. मूळ आधार राज्यघटनेचे अनुच्छेद २१ व २२. अटकेतले बहुतेक हक्क घड्याळाशी बांधलेले असल्याने कागदावर कोणती वेळ पडली, हा पहिला प्रश्न असतो.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांना लिहावी लागतात. गरज नसेल तर या संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. वकिलांच्या तोंडी ती अजूनही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून ‘४१-अ’ आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारणे नोंदवल्याशिवाय अटक होत नाही. नोटीस घरात ठेवून गावाला निघून जाणारा मात्र अटकेचे कारण स्वतःच पुरवतो. आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल आणि गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. महिलेला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी या तिन्ही गोष्टी हव्यात.

अटकेच्या वेळी अटक पंचनामा होतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते, आणि अटक झालेल्याचीही. सहीपूर्वी तारीख व वेळ वाचावी. सकाळी ‘चौकशीला’ नेऊन ठाण्यात बसवून ठेवायचे आणि अटक रात्री दाखवायची, हा प्रकार जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले की स्वातंत्र्य रोखले तेव्हापासून अटक सुरू होते, पंचनाम्यातल्या वेळेपासून नव्हे. म्हणून नातेवाइकांनी नेल्याची वेळ लिहून ठेवावी. ठाण्याच्या सीसीटीव्हीचे चित्रण मागायचे झाल्यास हीच नोंद उपयोगी पडते. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालानुसार ती लगेच देणे शक्य नसेल, तर न्यायालयात उभे करण्यापूर्वी किमान दोन तास आधी द्यायची. नाही दिली तर अटक बेकायदा ठरते, पण कारणे पुरवून पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र तो पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही. तपासी अंमलदाराने घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग मात्र ग्राह्य धरला जातो.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी सरकारी डॉक्टरकडे, शहरात बहुधा सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात, होते. मुका मार असला तरी डॉक्टरला तिथेच दाखवावा. अहवालाची प्रत मागता येते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते. शहरातल्या प्रकरणात ते कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, इचलकरंजी, गडहिंग्लज, कागलकडे तिथल्या न्यायालयात. रविवार, सण यांनी ही मुदत वाढत नाही. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न इथे विचारला जातो. शेजारी पोलीस उभा असल्याने बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, आणि तेच नोंदले जाते. वकील नसेल तर याच वेळी मोफत वकील मागावा. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो देते, हेल्पलाइन १५१००.

मग चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात पोलीस कोठडी (‘पीसीआर’) किंवा तुरुंगात न्यायालयीन कोठडी (‘एमसीआर’). पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, पण नव्या संहितेत ती गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येते. दोषारोपपत्राची मुदत ६० दिवस; मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९०. मुदत उलटली की जामीन हा हक्क होतो, पण अर्ज केला तरच, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी. पहिल्या रिमांडचा, म्हणजे कोठडीच्या पहिल्या आदेशाचा, दिवसही मोजायचा असतो. एका दिवसाच्या चुकीने हक्क निसटतो.

दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) असो वा नसो, जामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळतोच. अजामीनपात्र गुन्ह्यात आधी न्यायदंडाधिकारी, मग सत्र न्यायालय, नंतर उच्च न्यायालय. या शेवटच्या पायरीसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते व शेजारचे पाच जिल्हेही तिच्याकडे आहेत.

जामीन मंजूर होऊनही माणूस अडकतो तो हमीदारापाशी. सातबारा किंवा घरफाळ्याची पावती, आधार, रेशनकार्ड, आणि न्यायालयाने मागितल्यास तहसीलदारांकडचा ऐपतीचा दाखला लागतो. आधीच इतरांना जामीन राहिलेल्या हमीदाराला ते जाहीर करावे लागते. कागद जमेपर्यंत रोख जामिनाची विनंती करता येते. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात हमीदार मिळाला नाही, तर गरीब समजून जातमुचलक्यावर (हमीदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सोडायचे असते. सुटकेचा आदेश कळंबा कारागृहात बंदी मोजून होण्याआधी पोहोचला नाही, तर सुटका सहसा दुसऱ्या दिवसावर जाते.