‘फोने’: कंठातून स्फटिकापर्यंत

टेलिफोन, मायक्रोफोन, सॅक्सोफोन, सिंफनी. या सगळ्या शब्दांच्या मुळाशी ‘फोने’ हा एकच ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ आपण सरसकट ‘ध्वनी’ असा सांगतो, पण अ‍ॅरिस्टॉटलला तो पटला नसता. दोन वस्तू एकमेकींवर आपटून होतो तो ‘प्सोफोस’, म्हणजे नुसता आवाज. ‘फोने’ मात्र सजीवाच्या कंठातून, काही अर्थ घेऊन निघतो. खोकलासुद्धा त्याच्या लेखी ‘फोने’ नव्हता!

हा शब्द यंत्रांच्या नावांत शिरला तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. त्यातला मला सर्वांत विलक्षण वाटतो तो फोनॉटोग्राफ. एदुआर-लेऑं स्कॉट द मार्टिनव्हिल या फ्रेंच माणसाने 1857 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कर्ण्यात बोललं की टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढायचा. आवाज पुन्हा ऐकावा हा त्याचा हेतूच नव्हता. रेघा पाहून बोलणं वाचता येईल, अशी त्याची आशा होती. एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून वीस वर्षं होती.

1860 मधली अशीच एक रेघ 2008 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने ‘वाजवली’. फ्रेंच लोकगीताची ओळ उमटली. आधी ती मुलीने गायली असावी असं वाटलं. मग लक्षात आलं, की वेग दुप्पट झाला होता. तो निम्मा केल्यावर पुरुषाचा संथ आवाज ऐकू आला, बहुधा खुद्द स्कॉटचाच.

पुढे ग्रामोफोन आला, पाण्याखालचे आवाज टिपणारा हायड्रोफोन आला. विसाव्या शतकात तर भौतिकशास्त्रज्ञांनी हा शब्द थेट निर्जीवाला बहाल केला. स्फटिकातले अणू एकमेकांना बांधलेले असतात. एक हलला की शेजारचाही हलतो आणि कंपनाची लाट पुढे सरकते. या कंपनांची ऊर्जा वाटेल तेवढी नसते, ती ठरावीक पुंजांतच येते. अशा एका पुंजाला ‘फोनॉन’ म्हणतात.

ध्वनी घन पदार्थातून जातो तो याच कंपनांच्या रूपाने, आणि विद्युतरोधक स्फटिकांत उष्णताही मुख्यतः फोनॉनच वाहून नेतात. हिऱ्यात कार्बनचे हलके अणू फार घट्ट बांधलेले असल्याने फोनॉन भराभर धावतात. त्यामुळे वीज जवळजवळ न वाहणारा हिरा उष्णता मात्र तांब्याच्या सुमारे पाचपट चांगली वाहून नेतो.