ओकावांगो डेल्टा

ओकावांगो डेल्टा हा बोत्सवाना देशाच्या वायव्य भागातला मोठा पाणथळ त्रिभुज प्रदेश. नदी समुद्राला मिळताना डेल्टा तयार होतो असं आपण शाळेत शिकलेलो असतो, पण ओकावांगो नदी समुद्राकडे जातच नाही, अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि बोत्सवानात कालाहारीच्या वाळूत पसरून तिथेच संपते. येणाऱ्या पाण्यातलं बहुतेक सगळं पाणी उन्हाने आणि झाडांमुळे हवेत उडून जातं, अगदी थोडंच पुढे सरकतं. २०१४ साली युनेस्कोने याला जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हा यादीतलं हे १०००वं ठिकाण होतं.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पुराची वेळ. अंगोलात पाऊस पडतो साधारण नोव्हेंबर ते मार्च, पण इथे जमिनीला उतार जवळपास नाहीच त्यामुळे ते पाणी वाळूतून, गवतातून, लव्हाळ्यातून इतकं सावकाश येतं की डेल्टाच्या खालच्या टोकाला असलेल्या माऊन गावापर्यंत पोचेस्तोवर जून-जुलै उजाडतो. आणि नेमके तेव्हा तिथे हिवाळ्याचे कोरडे महिने चालू असतात, पावसाचा थेंब नाही, आजूबाजूची पाणवठ्यांची डबकी आटलेली. म्हणजे कोरड्या दिवसांत पूर! त्यामुळे दूरदूरचे हत्ती, म्हशी, झेब्रे सगळे इकडे येतात, त्यांच्या मागे सिंह आणि रानकुत्रे. लेचवे नावाचं हरीण तर गुडघाभर पाण्यातून पळण्यात पटाईत.

इथली बेटं कशी झाली हे गाइडला आवर्जून विचारावं. बरीचशी बेटं मुळात वाळवीची वारुळं. पाण्याच्या वर राहिलेल्या वारुळावर झाडं उगवतात, ती आजूबाजूचं पाणी ओढून घेतात, पाण्यातले क्षार मुळांपाशी साचत जातात आणि बेट हळूहळू वाढतं. मग बेटाच्या मधोमध क्षार इतके होतात की तिथे झाडं तगत नाहीत, फक्त पांढरट मोकळी जमीन दिसते. पण त्यामुळेच बाहेरचं पाणी गोडं राहतं, नाहीतर एवढं बाष्पीभवन होणारी जागा खारट व्हायला हवी होती. पाणघोडे रोज त्याच वाटेने ये-जा करून वनस्पतींमधून पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवतात, पपायरस (पाण्यात वाढणारं उंच लव्हाळं) दुसरीकडे जुन्या वाटा बुजवतं, म्हणून इथला नकाशा दरवर्षी थोडा बदलतो.

मोरेमी गेम रिझर्व्ह हा डेल्टाचा राखीव भाग, १९६३ मध्ये म्हणजे ब्रिटिशांचा अंमल असतानाच तिथल्याच बाटावाना जमातीच्या लोकांनी शिकारीला कंटाळून स्वतःच्या जमिनीवर सुरू केलेला. बाहेरच्यांनी लोकांना हाकलून उभारलेल्या पार्कांच्या गोष्टी आफ्रिकेत ढिगाने आहेत, त्यात हा वेगळा उठून दिसतो.

फिरायचं तर मोकोरो घ्यावी. ही उथळ पाण्यातली अरुंद होडी, मागे उभा असलेला माणूस लांब काठीने तळाला रेटा देत ती चालवतो. पूर्वी एकाच झाडाचं खोड कोरून बनवायचे, आता झाडं वाचवायला बऱ्याच फायबरच्या असतात. इंजिनाचा आवाज नाही, डोळे पाण्याच्या पातळीला, त्यामुळे जीपपेक्षा ही सफारी कितीतरी सरस (पाणघोडा जवळ नसेल तर).

स्वस्त मात्र अजिबात नाही. कमी पर्यटक आणि जास्त दर हे बोत्सवाना सरकारचं ठरलेलं धोरण आहे, त्यात आतल्या बऱ्याच कॅम्पांवर माऊनहून छोट्या विमानानेच जावं लागतं. बजेट कमी असेल तर उत्तरेचं चोबे नॅशनल पार्क बघावं, हत्तींचे कळप तिथे भरपूर आणि व्हिक्टोरिया फॉल्स रस्त्याने जवळ, दोन्ही एकाच ट्रिपमध्ये होतं. जुलै ते सप्टेंबर सगळ्यात बरा काळ, ऑक्टोबरात ऊन भाजून काढतं. तिथल्या पावसाळ्यात (साधारण नोव्हेंबर ते मार्च) जनावरं पांगतात पण पक्षी खूप आणि दरही उतरतात.

पाण्याची नाडी वरच्या देशांच्या हातात असल्याने अंगोला, नामिबिया आणि बोत्सवाना यांनी १९९४ मध्ये मिळून नदीसाठी एक आयोग नेमला. वर अंगोलात मोठं धरण किंवा शेतीसाठी उपसा सुरू झाला तर त्याची झळ माऊनला बसणार, कारण या भागाचा मुख्य आधार म्हणजे हेच पाणी.