शेअरपॉइंट साइटची देखभाल

शेअरपॉइंट हे कार्यालयातील फायली, याद्या आणि सूचना एका जागी ठेवून अनेकांनी मिळून वापरण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन. ते २००१ साली आले. २०११ पासून ऑफिस ३६५ बरोबर ऑनलाइन मिळू लागल्यावर सर्व्हर सांभाळण्याची कटकट संपली. साइट, म्हणजे एखाद्या विभागाची शेअरपॉइंटमधली जागा, सांभाळण्याची उरली. हे काम सर्रास आयटी विभागाच्या गळ्यात मारले जाते. वास्तविक कोणता कागद कोणी पाहावा हे ज्याला ठाऊक, त्याचेच ते काम.

बहुतेक बिघाड परवानग्यांमध्ये होतात. प्रत्येक साइटवर ओनर (सगळे हक्क असलेले), मेंबर (बदल करू शकणारे) आणि व्हिजिटर (फक्त पाहणारे) हे तीन गट तयारच असतात. माणसे या गटांत घालावीत, फायलीफायलीवर नव्हे. ओनर किमान दोन हवेत: एकुलता ओनर नोकरी सोडून गेला की परवानगीच्या विनंत्या कोणी न पाहता पडून राहतात. मेंबर गटाला मुळात मिळणाऱ्या ‘एडिट’ परवानगीत अख्खी लायब्ररी, म्हणजे साइटवरचा फायलींचा संग्रह, पुसण्याचा अधिकारही येतो, हे पुष्कळांना ती पुसली गेल्यावरच कळते. रोजच्या कामाला ‘काँट्रिब्यूट’ ही फायली चढवू-बदलू देणारी, पण लायब्ररी पुसू न देणारी परवानगी पुरते.

फोल्डर आणि फायलींना परवानगी वरून, म्हणजे साइटकडून वारशाने मिळते. एखादी फाइल ठरावीक व्यक्तीला लिंकने दिली की त्या फाइलपुरता हा वारसा तुटतो. पुढे त्या व्यक्तीला गटातून काढले तरी ती फाइल तिला उघडतच राहते. अशा सुट्या परवानग्या एका लायब्ररीत ५०,००० पर्यंत चालतात. मायक्रोसॉफ्टचा सल्ला मात्र ५,००० च्या आत राहण्याचा आहे, आणि हिशेब तर त्याच्या कितीतरी आधीच हाताबाहेर जातो. पगारपत्रकांसारखे गोपनीय कागद असतील तर स्वतंत्र लायब्ररी, शक्यतो स्वतंत्र साइटच करावी. तक्रार आलीच तर परवानग्यांच्या पानावरील ‘चेक परमिशन्स’ मध्ये माणसाचे नाव टाकावे. साइटवर त्याला काय दिसते आणि कोणत्या गटामुळे, ते तिथे कळते. सुटी दिलेली फाइल मात्र तिच्याच ‘मॅनेज ॲक्सेस’ मध्ये पाहावी लागते.

जागेचा हिशेब संस्थेला १ टीबी आणि प्रत्येक परवान्यामागे १० जीबी असा असतो. ती खातात मुख्यतः जुन्या आवृत्त्या. लायब्ररी एका फाइलच्या सहसा ५०० आवृत्त्या राखते आणि जागा मोजताना प्रत्येक आवृत्ती पूर्ण आकाराने धरली जाते: २० एमबीचे सादरीकरण ५० वेळा जतन झाले की १ जीबी गेला. मोठ्या चित्रांच्या लायब्ररीत ही मर्यादा १०० वर आणावी. कचरापेटीतला मालही जागेत मोजतात. तो पुसल्यापासून ९३ दिवस राहतो. वापरणाऱ्यांच्या पहिल्या पेटीतून व्यवस्थापकाच्या दुसऱ्या पेटीत गेला म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही. लॅपटॉपवर जागा हवी म्हणून कोणी सिंक केलेले, म्हणजे साइटशी जोडलेले, फोल्डर पुसले तर ते सर्वांचेच जाते. असा घाऊक घोळ झाल्यास कचरापेटी चाळत न बसता ‘रिस्टोअर धिस लायब्ररी’ वापरावे. लायब्ररी गेल्या ३० दिवसांतील हव्या त्या क्षणावर परत नेता येते.

एका यादीत ३ कोटी नोंदी मावतात, पण एका दृश्याने (यादी दाखवण्याच्या ठरवलेल्या मांडणीने) ५,००० हून अधिक नोंदी चाळायला घेतल्या की चूक दाखवली जाते. ज्या स्तंभांवर गाळणी लावायची, त्यांना यादी लहान असतानाच इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) करून ठेवावा.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांना एक जादा पथ्य आहे. स्तंभाचे पहिले नाव आतल्या आत कायमचे नोंदले जाते आणि तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सात खुणांचा संकेत बसतो. ‘दिनांक’ म्हणजे द, वेलांटी, न, काना, अनुस्वार, क अशी सहा चिन्हे, म्हणजे ४२ खुणा. मर्यादा ३२ ची, म्हणून नाव अर्ध्यात तुटते. पुढे पॉवर ऑटोमेटमध्ये (कामे आपोआप करवून घेण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात) सूत्र लिहिताना हे तुटके नाव छळते. म्हणून स्तंभ आधी छोट्या रोमन नावाने करावा आणि मग दिसणारे नाव मराठी करावे. लायब्ररीचेही तसेच, नाहीतर मेलने पाठवलेली लिंक टक्केचिन्हांनी चारपाच ओळी लांबते. पूर्ण पथाला, म्हणजे फोल्डरांसह फाइलच्या पत्त्याला, ४०० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे परिपत्रकाचा अख्खा विषय फाइलचे नाव म्हणून देऊ नये. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या फायली मराठी शब्दाने शोधून सापडत नाहीत. त्या चढवण्यापूर्वीच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.